सिद्धेश्वरच्या माळावर अडकलेलं दार

सासूबाईंना दाराला लिंबू-मिरची बांधायची असते आणि मी बांधू देत नाही. त्यावरून आमचे खटके उडतात. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठल्या पक्षातली ते लक्षात राहील.

मी हवेच्या प्रदूषणावर संशोधन करते. आमची एक व्हॅन आहे. तिच्या छतातल्या काचेतून लेसरचा किरण सरळ आकाशात सोडायचा — डोळ्यांना न दिसणारा — आणि परत येणाऱ्या उजेडावरून कुठल्या उंचीवर किती ओझोन आहे ते मोजायचं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही हिंगोली जिल्ह्यात होतो. सोबत ड्रायव्हर रफिकभाई. वसमतचे, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे.

त्या दिवशी सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे, एका माळावर गाडी लावली. दुपारचे सव्वादोन. ओझोन दुपारीच वाढतो. आकाश कोरं. माळावर हळद वाळत घातलेली, माणसं जेवायला गावात गेलेली. रफिकभाई समोरच्या बाभळीखाली बसले. मी आत, थंडावा टिकावा म्हणून दार ओढून घेतलेलं.

थोड्या वेळानं स्क्रीनवर नऊशे मीटरवर जाड रेघ उमटली. दाट ढग असला की अशी येते. खिडकीतून पाहिलं... ढगाचा ठिपका नाही. पुढच्या मोजणीत रेघ सहाशेवर. मग तीनशेवर. मग ऐंशी. इथे मी चरकले, कारण आमच्या यंत्राला पहिल्या दोनशे मीटरमधलं काही दिसतच नाही. त्याची रचनाच तशी आहे.

रफिकभाईंना दाखवावं म्हणून उठले, तर दार उघडेना. कडी सरकत होती, दार नाही — भिंतीला ढकलावं तसं. एसीचा आवाज येत होता, पण हवा लागत नव्हती. खिडकीवर थापा मारल्या, हाका मारल्या. रफिकभाई दहा पावलांवर, माझ्याकडेच तोंड करून बसलेले. बघितलंसुद्धा नाही. घामानं कपडे अंगाला चिकटले, श्वास पुरेना. खुर्चीत बसले आणि फोन लावला.

"रफिकभाई, दार अडकलंय. बाहेरून ओढा."

"आलो मॅडम."

ते उठले, दाराकडे वळले, खिडकीतून दिसेनासे झाले. मग फोनवर नुसता त्यांचा श्वास.

"ओढा ना."

"दार उघडलं मी. बराबर उघडलं." ते थांबले. "आत कोणीच न्हाई, मॅडम. तुमी कुठून बोलून राहिल्या?"

"आतूनच. खुर्चीवर बसलेय."

"मस्करी नका करू. मी आत उभा हाय."

व्हॅनमध्ये मी एकटी होते. दार माझ्यासमोर बंद होतं. आणि रेघ शून्यावर येऊन टेकली होती.

लेसर बंद करायचं लाल बटण हाताशीच होतं. ते दाबलं की सगळी जुळणी पुन्हा करायला अख्खा दिवस जातो, म्हणून तोवर दाबलं नव्हतं. आता दाबलं.

उन्हाची झळ अंगावर आली. दार सताड उघडं. रफिकभाई माझ्यापासून हातभर अंतरावर, फोन कानाला लावलेला. मग ते खाली उतरले आणि मातीतच बसले.

यंत्र नंतर दोनदा तपासलं, दारही. बिघाड काहीच नाही. त्या मोजण्या फाइलमध्ये अजून आहेत; आमच्या सरांनी त्यांच्यापुढे 'ग्राह्य नाही' असं लिहून ठेवलंय. मलाही याहून बरं काही सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी औंढ्याला चहा घेताना रफिकभाई एवढंच म्हणाले, "खुर्चीला हात लावून पाहिला मी. रिकामी व्हती. पन ऊन लागली... आत्ताच कोणी उठून गेल्यावानी."

मी त्याच खुर्चीत बसले होते. मला काहीच जाणवलं नव्हतं.