चाचांची दाढ

"थांबा, दाणा काय म्हणतो ते ऐकू द्या," असं म्हणत चाचा गव्हाचे चार दाणे डाव्या दाढेखाली सरकवायचे, मान तिरकी करायचे आणि हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प करायचे. गव्हाच्या पैदाशीत केस पिकवलेले आमचे सरसुद्धा तेवढा वेळ शाळेतल्या मुलासारखे चूप.

मी तेव्हा विद्यापीठाच्या गहू संशोधन केंद्रात कनिष्ठ सहायक होते. पुंडलिकनगरातून डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर ओंब्या मोजायच्या. शहरातल्या एका बिस्किट कंपनीला मऊ दाण्याचा गहू हवा होता. म्हणून तिनं आमच्या संशोधनाला तीन वर्षं मदत देऊ केली, एक छोटं मळणीयंत्र दिलं आणि नमुने तपासायला आपला माणूस पाठवला. तो माणूस म्हणजे चाचा. उभी हयात वैजापूरच्या मोंढ्यात धान्य पारखण्यात गेलेली. आमची प्रयोगशाळा जे चार दिवसांनी सांगायची, ते हे चावून सांगायचे. मला भारी कुतूहल. चावून हे कळतं कसं, एकदा विचारलंच. तर त्यांनी उलट मलाच विचारलं,

"वरणात मीठ कमी पडलं ते तुम्ही कसं वळखता, बाई?"

"चव घेऊन."

"मंग मी बी तेच करतो की."

कुतूहल त्यांनाही कमी नव्हतं. मी चिमट्यानं फुलातले पुंकेसर काढत होते, तर शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "ह्यात नर कोन्ता?"

"चाचा, गव्हाच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. हा नर काढून दुसऱ्या वाणाचा पराग घालायचा."

"घरातच नवरा हाय, आन् तुम्ही त्याला काढून बाहेरचा आणता? लई जुलमी काम तुमचं!"

रमजानात ते दिवसा दाणा तोंडात घालत नसत. नमुने वेगवेगळ्या रुमालांत बांधून घरी न्यायचे. पहिल्या रुमालाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. रोजा सोडल्यावर चावायचे आणि सकाळी येऊन निकाल सांगायचे.

तिसऱ्या वर्षी सरांचा आठ वर्षांच्या मेहनतीचा वाण शेवटच्या तपासणीला होता. कंपनीची मदत पुढं चालू राहणार की नाही, ते त्या एका नमुन्यावर होतं. आणि नेमकी तिथं मी माती खाल्ली. मळणीच्या दिवशी आभाळ भरून आलं, गारांची भीती. पूर्वी आम्ही ओंब्या काठीनं बडवायचो, तेव्हा हा प्रश्न नव्हता. यंत्राच्या चाळणीत मात्र आधीच्या वाफ्याचे दाणे अडकून राहतात, दर वेळी झाडून काढावे लागतात. घाईत मी ते झाडलं नाही. आधीचा वाफा पोळीच्या कडक गव्हाचा होता.

रमजान चालू होता, चाचा नमुना रुमालात बांधून घरी घेऊन गेले. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला लिंबाखाली बोलावलं. "बाई, ह्या रुमालात दोन शेतं हायत. काही दाणे कट्कन फुटतात, काही पिठावानी दबतात."

मला न झाडलेली चाळणी आठवली. "चाचा, कंपनीला सांगू नका. सरांची आठ वर्षं पाण्यात जातील."

"खोटं तर मी बोलणार नाय," एवढंच म्हणाले.

दुपारी कंपनीचे अधिकारी आले. चाचा त्यांना म्हणाले, "वाण चांगला हाय, साहेब. नमुना भेसळीचा हाय. एक हंगाम आणखी द्या."

"चूक कोणाची?"

"मला गव्हाचं विचारा, साहेब. माणसाचं नाय."

मग मात्र मला राहवलं नाही. "माझी," मी म्हटलं. अधिकाऱ्यांनी हंगाम दिला, पण चाचांना बजावून गेले, "तुमच्या शब्दावर देतोय."

पुढच्या हंगामात राखून ठेवलेलं जुनं बी पेरलं. वेगळं दिसणारं एकेक रोप मी उपटलं, ओंब्या स्वतः काठीनं बडवल्या. चाचा आले तर गाल बसलेले. दात काढून कवळी बसवली होती.

"कवळीला काय कळतंय? तुम्हीच चावा."

"मी? चूक तर माझीच झाली होती."

"म्हणून तर. तुम्ही नीट चावाल."

मी चिमटीमागून चिमूट चावत राहिले. आत कार्यालयात अधिकारी कागद घेऊन बसले होते. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"एक बी कडक नाय?"

"एकही नाही, चाचा."

ते आत गेले आणि अहवालाखाली उर्दूत सही करून आले. चार दिवसांनी प्रयोगशाळेचाही निकाल तसाच आला. तोवर मला अन्न गोड लागलं नाही.

वाण मंजूर होऊन बाहेर पडला, त्याआधीच चाचा वारले. समारंभात विद्यापीठाचे, कंपनीचे आभार मानून झाले. जुनी फाईल चाळणाऱ्या एका नव्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, "ही उर्दू सही कोणाची? गहू यांनी तपासला होता का?"

मी "हो" म्हटलं. त्या दिवशी त्यांनी एक दाणाही तोंडात घातला नव्हता, हे आता फक्त मलाच माहीत होतं.