भाऊजी आणि बिघडलेले आवाज

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, हे अख्ख्या रायपुरातले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांना बिघडलेली वस्तू दुरुस्त झाली की मनापासून वाईट वाटतं. त्यांच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घरातला फ्रीज बरेच दिवस घुमत होता. भाऊजी कामावर गेलेले पाहून ताईनं मेकॅनिक बोलावला आणि तो गप्प करून घेतला. संध्याकाळी भाऊजी घरात शिरले, दारातच थबकले आणि कुणीतरी गेल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "मुका करून टाकला ना त्याले!" त्या दिवशी ते नीट जेवलेसुद्धा नाहीत.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ते खरेदी विभागात आहेत. नवा बोल्ट आला की माप नंतर, आधी तो टेबलावर आपटून कानाशी धरतात. ते इलेक्ट्रॉनिक संगीत करतात असं ताईनं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मला वाटलं कीबोर्डवर सिनेमातली गाणी वाजवत असतील. त्यांनी मोठ्या प्रेमानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. मी गाणं सुरू व्हायची वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोन काढले आणि विचारलं, "कसं वाटलं?" तेव्हा मला कळलं की ते संपलं होतं. मी इतका हादरलो होतो, की तोंडातून नुसतं "वा भाऊजी!" निघालं. जावयाला नावं ठेवायची आमच्या घरी पद्धत नाही. त्यामुळे पुढे प्रत्येक वेळी मी "वा भाऊजी" म्हणत गेलो, आणि प्रत्येक वेळी खोटं बोलल्याचं मनाला लागत राहिलं.

संगीत बनवायची त्यांची रीत पाहिली तर कुणालाही धक्काच बसेल. वाढदिवसाची गाणारी कार्डं फोडून त्यातली पितळी चकती ते काढतात, तिला वायर डकवतात आणि ती चकती कुठंही चिकटवतात; मग ती माइकसारखी तिथला आवाज टिपते. आमच्या समता कॉलोनीतल्या घरी एकदा ती कुकरच्या हँडलला सापडली. माझी बायको किंचाळली, तर हे शांतपणे म्हणाले, "वहिनी, शिटी होऊ द्या, मग ओरडा. दोन्ही एकात मिसळून राहिले." खेळण्यातला बोलका पोपट उघडून, बोट ओलं करून ते त्याच्या सर्किटवर फिरवतात. मग पोपट रेड्यासारखा रेकतो आणि यांचा चेहरा उजळतो. त्यांच्या मोहल्ल्यातल्या मंदिरातलं घंटा-नगारा वाजवणारं आरतीचं यंत्र बिघडलं, तेव्हा कुणीतरी भोळेपणानं ते यांच्याकडे आणून दिलं. भाऊजींनी त्याच्या मोटरीला पंख्याचा रेग्युलेटर बसवला. दुसऱ्या दिवशी आरतीला घंटा अशी वाजू लागली, जणू ती तलावाच्या तळाशी आहे आणि तिला झोप येते आहे. पुजारी हात जोडून म्हणाले, "भैया, वापस बिगाड़ दो. भगवान डर जाएँगे."

"यात आवडण्यासारखं काय आहे भाऊजी?" असं एकदा मी धीर करून विचारलंच. ते आवाज मिसळायच्या मिक्सरची वायर त्याच मिक्सरमध्ये परत खोचत होते. म्हणाले, "हे पाहा. कोणी वाजवून नाही राहिलं, कोणी गाऊन नाही राहिलं. याले मी फक्त स्वतःचंच ऐकायला लावलं. आता पाहा कसं बोलते ते." आणि खरंच, त्या डब्यातून आधी गुणगुण, मग शीळ, मग हुंदक्यासारखं काहीतरी येऊ लागलं. माझ्या अंगावर काटा आला. मी "वा भाऊजी" म्हणालो आणि चहाचं निमित्त करून उठलो.

माझी आई माझ्याकडे असते. "कानात किर्र होऊन राहिलं रे," असं ती बरेच दिवस सांगत होती. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं आणि मी ते लगेच मान्य करून टाकलं, कारण तेच सोयीचं होतं. ती पुन्हा बोलली की मी म्हणायचो, "आई, काही नाहीये ते. लक्ष देऊ नको." मग ती बोलेनाशी झाली, आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी आई आणि मी ताईकडे होतो. भाऊजींनी स्वतः जोडलेली नवी पेटी काढली. तिच्यात आवाज वीजच तयार करते. एका बटणानं तो जाड-बारीक होतो, दुसऱ्यानं त्यात खरखर मिसळते. ताई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात पळाली. आई तिवऱ्याची पालेभाजी निवडत बसली होती. भाऊजी बटण फिरवत बारीक, आणखी बारीक आवाजाकडे गेले, आणि आईचा हात थांबला.

"थांबा जवाईबापू. मांग घ्या जरासं."

भाऊजींनी बटण मागे घेतलं.

"हव. आता बारीक करा. अजून. त्यात रातकिडा टाका."

"उजव्या कानात आहे का डाव्या, आई?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी तिला कधीही विचारला नव्हता.

"डाव्या. उजव्यात थोडासाच." त्यांनी खरखर थोडी वाढवली, थोडी पुसली. आई एकदम ताठ बसली. "हाच! हाच आहे तो!"

खोलीभर एक सुईसारखा आवाज उभा होता. दातांतून आरपार जाणारा, न हलणारा. माझ्यानं तो थोडा वेळही ऐकवेना.

"आई, हे दिवसभर?" मी विचारलं.

"रातभर बी."

"अगं मग सांगितलं काहून नाही?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सांगूनच तर राहिली होती रे," ती भाजीकडे पाहत म्हणाली.

माझा चेहरा पाहून भाऊजींनी पेटी बंद केली. अचानक इतकी शांतता झाली, की खालच्या गल्लीतल्या स्कूटरसुद्धा दूर गेल्यासारख्या वाटल्या. मी मोठा श्वास सोडला.

आई हसली. म्हणाली, "तुमचा बंद झाला."

 भाऊजींनी पेटी पुन्हा सुरू केली, अगदी हळू, आणि आईच्या शेजारी सतरंजीवर जाऊन मांडी घालून बसले. "मग राहू द्या चालू," ते म्हणाले. "दोघं मिळून ऐकू." ताई पदराला हात पुसत दारात आली आणि काही न विचारता तिथेच टेकली. मी दोनदा उठायला गेलो. दोन्ही वेळा परत बसलो. आईनं भाजीची अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. बराच वेळ आम्ही चौघं तो आवाज ऐकत भाजी निवडत होतो, आणि "वा भाऊजी" म्हणायचं मला सुचलंच नाही.