कासमभाईंच्या नावावर खपवलेली भीती

सकाळच्या एसटीने चौल सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत वाडीतल्या सुपाऱ्या होत्या आणि पंचवीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेला एक लेख होता. सुपाऱ्या बोर्लीच्या कासमभाईंना द्यायच्या होत्या. लेखाची माफी मागायची होती.

तो लेख तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. पुतण्याने दुबईला बोलावलं, तेव्हाच्या माझ्या पहिल्या विमानप्रवासाचा. त्यात विमान हेलकावे खाऊ लागताच शेजारी बसलेले, आखातात नोकरीला निघालेले कासमभाई पट्टा सोडून उभे राहतात आणि हवाई सुंदरीला सांगतात, "गाडी बाजूला घ्या, मला उतरायचंय." या वाक्यावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत लोक पोट धरून हसले. शाळांच्या स्नेहसंमेलनांत मी ते हातवारे करून वाचलं आणि नारळ घेऊन घरी आलो. कासमभाई मात्र सुट्टीवर गावी आले की नाक्यावरची माणसं त्यांना "बाजूला घेऊ का?" विचारायची, असं पुढे कानावर आलं.

ते वाक्य माझं होतं. उभा मी राहिलो होतो, तोही कासमभाईंचा हात घट्ट धरून. आता माझ्या लेखांचं पुस्तक निघतंय आणि प्रकाशकाला नेमका हाच लेख पहिला हवाय.

रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लई मागे पडलं. काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटक बोटीमागे छत्रीला लटकून आकाशात जात होते आणि आनंदाने किंचाळत होते. किंचाळण्याचीही हौस असते, हे मला उशिरा कळलं. मुरूडला गाडी बदलली आणि आगरदांड्याला चहाच्या नादात डोळ्यांदेखत जंगल जेटी (गाड्या आणि माणसं एकत्र नेणारी सपाट बोट) सुटली. पुढची येईपर्यंत टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीणबाईंशी गप्पा झाल्या. त्यांचा धाकटा मुलगा मस्कतला असतो, बोलावतो, पण त्या जात नाहीत.

"पान्यात पडलं तं हातपाय मारता येतात," त्या म्हणाल्या. "वाऱ्यात काय मारायचं?"

वादळात होडी घेऊन जाणाऱ्या घरातली ही बाई. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं, आणि तीच तर माझी अडचण होती.

दिघीहून रिक्षाने बोर्लीला पोचलो. कासमभाई ओट्यावर बसले होते. दाढी पांढरी, आवाज तोच. समोर शेजारच्या झुबेदाबाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांच्या मुलीचं कुवेतला बाळंतपण आहे. तिकीट आलंय, पण मोबाईलवर कुठल्याशा अपघाताची चित्रं पाहिल्यापासून त्यांची झोप उडाली होती. कासमभाई त्यांना माझंच वाक्य स्वतःचं म्हणून, माझ्यापेक्षा सरस अभिनय करून सांगत होते. झुबेदाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

मला पाहून ते थांबले. "बसा, गुरुजी" म्हणाले, आतून सांदणं (तांदळाचे वाफवलेले गोड पोळे) आणि नारळाचं दूध मागवलं. बोलता बोलता कळलं की गेली कित्येक वर्षं आखातात निघालेला प्रत्येक घाबरट माणूस दंडाला इमाम जामीन (प्रवासात रक्षण व्हावं म्हणून नाणं ठेवून बांधायचा कपडा) बांधण्याआधी या ओट्यावर येऊन जातो. ज्याचं आधीच हसं झालंय, त्याच्याकडे भीती सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण माफी पाठ करून आलो होतो. सांदण हातात तसंच धरून सगळं सांगून टाकलं.

झुबेदाबाईंचं हसू गेलं. "म्हंजे चाचा, तुम्ही घाबरलेच नव्हते?"

त्या उठल्या आणि पायांनी चपला शोधू लागल्या. माझं मन हलकं करण्याच्या नादात मी एका आईचा प्रवास मोडत होतो.

"बाई, थांबा," मी म्हणालो. "घाबरलेला माणूस इथेच आहे. मला विचारा."

त्या उभ्याच राहिल्या. "मग काय झालं? तुम्ही ओरडल्यावर?"

"काही नाही. विमान वेळेवर उतरलं. माझ्या धीराची त्याला गरजच नव्हती. हवाई सुंदरी मला पाणी देऊन गेली, बस्स."

"परत येताना?"

"परत येतानाही घाबरलो. तेव्हाही उतरलं."

त्या पुन्हा बसल्या आणि कानात दडे बसतात ते खरं का, असं विचारलं. मी गोळी चघळायला सांगितली. संडासाचं दार कसं उघडतं, तेही त्यांनी विचारून घेतलं. निघताना म्हणाल्या की शुक्रवारी जाते, आणि तिथे काही झालं तर गुरुजींचं नाव सांगते.

उन्हं कलण्याआधी कासमभाई मला दिघीपर्यंत सोडायला आले. रिक्षात सुपाऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पुस्तकात खरं काय ते छापतो, तुम्ही धीराने बसला होतात हेही लिहितो, असं मी म्हटलं.

"तसं नका लिहू, गुरुजी."

"का?"

"तुम्हाला वाटतं तुम्ही माझा हात धरला होता," ते म्हणाले. "नीट आठवा. आधी मी धरला होता. पहिल्यांदाच घर सोडून चाललो होतो. तुम्ही उभे राहिलात ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपण एकटे नाय."

मी आठवून पाहिलं. विमान जमिनीवर धावायलाही लागलं नव्हतं, तेव्हापासूनच माझ्या मनगटावर कुणाची तरी घट्ट पकड होती. पंचवीस वर्षं मी ती माझीच समजत होतो.

बोट सुटली. कासमभाई धक्क्यावर उभे राहून हात हलवत होते आणि मी कठड्याला टेकून या लेखाची वाक्यं जुळवत होतो. एका भित्र्याला शूर ठरवायला निघालो होतो, परतताना भित्रे दोन झाले. प्रकाशकांनी जुन्या लेखाच्या जागी हा छापावा. त्या विमानात घाबरलो होतो आम्ही दोघेही. ओरडलो मात्र मी एकटाच.