बघण्याच्या कार्यक्रमात मी झोपले

नाशिकच्या इंदिरानगरला लग्न होऊन आले आणि वर्षाच्या आतच मला ‘डोक्याच्या गोळ्या’ सुरू झाल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोबाईल नव्हते, कुणाशी चार शब्द बोलायचे म्हणजे एसटीडी बूथ गाठायचा...

झालं होतं काय, तर झोप नाही. भाजीत मीठ दोनदा पडायचं, कुणी नुसतं “काय गं?” म्हटलं तरी डोळे भरून यायचे. सासूबाई मनाने चांगल्या, त्याच घाबरून मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का, रडू येतं का. सासूबाई शेजारीच बसलेल्या, मी आपली मान हलवत राहिले. वन रूम किचनमध्ये पाच माणसं, आम्हा दोघांचं अंथरूण टीव्हीसमोर, दीरांची मॅच संपेपर्यंत ते घालता यायचं नाही, आणि पहाटे नळ आला की बादल्या भरायला मीच... हे त्यांनी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही. वाटायचं, आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

खरी धास्ती वेगळीच होती. माहेरी, देवळ्याला, धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होते. मोठीला वेडाच्या गोळ्या चालू आहेत हे बाहेर फुटलं तर तिला कोण करून घेणार? म्हणून गोळ्या मी वेलदोड्याच्या डबीत लपवून ठेवायचे.

तिला बघायला मनमाडचे पाहुणे येणार म्हणून माहेरी गेले... आणि डबी नाशिकलाच राहिली. पाहुण्यांसमोर रडू फुटलं तर? काहीबाही बोलून बसले तर? आईला सांगायचीही चोरी. जरा पाठ टेकते म्हणून मागच्या खोलीत गेले.

डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते. पाहुणे येऊन, पोहे खाऊन निघूनही गेले होते. मला रडूच कोसळलं... बहिणीचं जमणारं लग्न मी मोडलं, एवढंच डोक्यात.

आई मात्र हसत होती. मुलाच्या आईने माझी चौकशी केली म्हणे. आई ओशाळून म्हणाली, मोठी आत झोपलीय, उठवते. तर त्या बाई म्हणाल्या, “नका उठवू. पोरीनं माहेरी नाय झोपायचं, तर कुठं झोपायचं?” आणि मुलगी पसंत आहे म्हणून सांगून गेल्या.

त्या दिवशी आईला सगळं सांगितलं... टीव्ही, नळ, डबी, सगळं. हे न्यायला आले तेव्हा त्यांनाही. टीव्ही स्वयंपाकघरात गेला, पाणी भरायच्या पाळ्या लागल्या. डॉक्टरांनीही सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्या हळूहळू बंद केल्या. (ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी आपल्या मनाने सोडू नका हां, माझं दुखणं निराळं होतं.)

परवा मनमाडला बहिणीकडे गेले होते. तिच्या सासूबाई आता बऱ्याच थकल्यात. मला बघून गुडघे धरत उठल्या आणि चहाचं विचारायच्या आधी आतून उशी घेऊन आल्या...