अक्काचा लेपिडोटीस

शेजारी फरशी कापताहेत. ओल्या दगडाच्या त्या वासानं मी इंदिरानगरहून थेट आमच्या के. आर. पुरमच्या लहानपणीच्या घराच्या गच्चीवर पोचते.

भूगर्भशास्त्र शिकणारी माझी बहीण, अक्का, गोदावरीकाठच्या सहलीहून परतली होती. तिनं सोबत आणलेल्या दगडावर पाणी शिंपडलं, आणि काळेभोर खवले चमकले.

"हा लेपिडोटीस, दगड झालेला मासा. असले मासे कधीचेच संपले. स्वल्प हळू हात लाव गं."

मी वाकून हुंगलं. "अक्का, माशाचा वासच नाही!"

ती पोट धरून हसली. खालून आईनं हाक मारली. अक्काला बघायला पाहुणे आले होते. तरी ती मला शेपटी, पर दाखवत बसून राहिली.

लग्न ठरलं, शिक्षण सुटलं. अक्का वारली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळी मी नुसता मासाच बघत होते. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं.