मुलगा बेंगळुरूला असतो

किहीमला जायचं ठरलं तेव्हा मी आमच्या ह्यांना एकच अट घातली. कोणी विचारलं, तर खरं सांगायचं. आम्हाला मूल नाही. तीनच शब्द. ह्यांनी लगेच मान डोलावली. सदतीस वर्षांच्या संसारात मी एक शिकले आहे, की ह्यांनी इतक्या लगेच मान डोलावली की समजावं, ऐकलेलं नाही.

अट का घालावी लागली ते सांगते. लग्नाला आठदहा वर्षं झाल्यावर आम्ही एका बसने कुठेतरी निघालो होतो. शेजारच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, कुठले तुम्ही? दुसरा, मुलं किती? दुसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हटलं की पुढचं सगळं मला पाठ होतं. आधी चेहरा पडतो, मग एखाद्या डॉक्टरचं नाव येतं, मग एखाद्या देवाचं, आणि शेवटी "दत्तक का नाही घेत?" त्या दिवशी मी फार थकलेले होते. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मुलगा आहे ना. हॉस्टेलला असतो." बाईंनी समाधानाने चिवड्याचा डबा पुढे केला. आमची सुटका झाली.

तेव्हापासून तो मुलगा वाढत गेला. बारावीला चांगले मार्क पडले, इंजिनिअर झाला, बेंगळुरूला नोकरीला लागला. मध्यंतरी त्याचं लग्नही झालं, तेही मला न विचारता. एका रिसेप्शनला हे कोणालातरी सांगत असताना मला कळलं, की मी सासू झाले. सध्या त्याला पाच वर्षांचा मुलगा आहे. मी तोंडाने कधी हे खोटं बोलले नाही, पण मूग गिळून बसणं म्हणजे काय वेगळं असतं? आणि मी शिक्षिका. गणिताची. लोक म्हणत, "शाळेतली एवढी मुलं तुमचीच की!" अजिबात नाही. त्यांना त्यांच्या आया होत्या, आणि साडेपाचची घंटा झाली की मी ती आनंदाने परत करत असे.

आम्ही मुलांच्या गर्दीच्या जागा कायम टाळल्या. देवस्थानं पाहिली, किल्ले पाहिले, निवृत्त लोकांच्या सहलींतून थंडगार डोंगर पाहिले. ह्या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, समुद्र काय फक्त मुलंबाळंवाल्यांनाच आंदण दिलाय? जायचं तर नाताळच्या सुट्टीतच जायचं, ऐन गर्दीत.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून रिक्षाने किहीम. लाँचमध्ये आमच्याशिवाय कोणाचीच मांडी रिकामी नव्हती. उतरण्याच्या घरापाशी नारळांच्या मधोमध पाटी होती, 'फक्त फॅमिलीसाठी'. मालकीणबाई पन्नाशीच्या, कामाला चटपटीत. उरलेली एकच खोली मिळाली. तिच्यात दुमजली पलंग, भिंतीवर हसणारा जिराफ आणि मोरीत बदकाच्या आकाराचं लहान मुलांचं भांडं. हे सहासष्टाव्या वर्षी शिडी चढून वरच्या पलंगावर जाऊन बसले आणि पाय हलवू लागले. मला इतकं हसू आलं की प्रवासाचा शीणच गेला.

तेवढ्यात मालकीणबाई पाणी घेऊन आल्या. "पोरं न्हाय आली संगती?"

मी तोंड उघडलं. वरून आवाज आला, "मुलगा बेंगळुरूला असतो. सुट्टी नाही मिळत. नातू पाच वर्षांचा आहे आमचा."

जित्याची खोड! मी वर पाहिलं. ह्यांनी जिराफाकडे पाहिलं.

"व्हय का?" बाईंचा चेहरा उजळला. "मंग देवच पावला म्हनायचा. उद्या आमच्या सुनेचं डोहाळजेवण हाय. आमच्यात पयली ओटी लेकुरवाळ्या सवाशिणीनं भरायची रीत हाय. माझी जाऊ येनार व्हती, ती पाय मुरगळून बसली. काकी, तुमी भराल? मुलगा हाय, नातू हाय, तुमच्यावानी हात कुठं मिळायचा?"

नाही म्हणायची ती वेळ होती. मी "हो" म्हटलं. का म्हटलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. बहुतेक तो उजळलेला चेहरा पडलेला बघायचं धैर्य नव्हतं. बाई गेल्यावर मी ह्यांच्यावर जे बरसले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे वरच्या पलंगावरून खालीच येईनात.

संध्याकाळी मागच्या पडवीत सून वाल सोलत बसली होती. मोड आलेले, भिजवलेले कडवे वाल, दुसऱ्या दिवशीच्या बिरड्यासाठी. मीही शेजारी बसले. वाल सोलताना दोन बायका गप्प बसूच शकत नाहीत. मुलगी पंचविशीची, हसरी, पण हसणं मध्येच थांबवणारी. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "काकी, मागच्या वर्षी एक गेलं माझं. चौथ्यात. घरात कोनी त्याचं नाव काढत न्हाय. म्हनून उद्या सगळं रीतीनं पायजे सासूबाईंना." मग हातातला वाल तसाच धरून तिने विचारलं, "तुमाला भीती वाटली व्हती का, मुलाच्या वेळी?"

माझे दोन गेले. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. त्यानंतर काही राहिलंच नाही. त्या पडवीत, त्या मुलीच्या शेजारी, हे सांगायला जगात माझ्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं. पहिल्यांदा गेलं तेव्हा मी किती दिवस कोणाशी बोलले नव्हते, आणि मग एक दिवस आपोआप भूक कशी लागली, हे मी तिला सांगू शकले असते. पण मला मुलगा होता ना! बेंगळुरूला!

"नाही गं," मी म्हटलं. "सगळं सुरळीत झालं." माझ्या बोटांत वाल चिरडला गेला, तो तिने पाहिला.

ती "बरं" म्हणाली आणि पुढचा वाल उचलला. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तीस वर्षं मी समजत होते, की ते खोटं आमचं रक्षण करतंय. त्या संध्याकाळी कळलं, की त्याने मला एका मुलीपासून दूर बसवलं होतं, तीही हाताच्या अंतरावर असताना.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ओसरीवरचा झोपाळा झेंडूने सजला. सून हिरव्या साडीत, केसांत, हातांत, गळ्यात फुलं. घरात उतरलेल्या चारपाच कुटुंबांतल्या बायकाही आल्या, त्यांची पोरं झोपाळ्याखालून धावत होती. बोर्ली पंचतनहून मालकीणबाईंची थोरली नणंद आली होती, आणि सगळा कारभार तिच्या नजरेखाली चालला होता. पुरुष बाहेर अंगणात खुर्च्या टाकून बसले. हे त्यांच्यातच.

"या काकी," मालकीणबाईंनी हाक मारली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ताट माझ्या हातात आलं. सुनेने पदर पसरला.

मी ताट घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आधी एक सांगायचंय. मला मूल नाही."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पोरंसुद्धा धावायची थांबली.

"मुलगा नाही, नातू नाही. लोकांचे प्रश्न चुकवायला आम्ही ते सांगत आलो. काल तुम्हालाही तसंच सांगितलं. चूक झाली. तुमच्या घरच्या कार्यात खोट्या हाताने ओटी भरायची माझी इच्छा नाही. माफ करा."

मालकीणबाईंचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. "एवढं खोटं? आनि मी तुमच्या नातवासाठी खोबऱ्याच्या वड्या बांधून ठेवल्या!" खरं सांगते, मला ते बरं वाटलं. मूल नाही म्हणून कीव करण्याऐवजी खोटं बोलले म्हणून कोणीतरी माझ्यावर चिडलं होतं. असा न्याय मला प्रथमच मिळत होता.

नणंदबाई मात्र उठल्या. "ताट द्या इकडं. पयली लेकुरवाळीच पायजे. मागल्या वेळचं इसरलात काय?" त्यांचा हात ताटाकडे आला. त्यांचं मला वाईट वाटलं नाही, त्या घाबरल्या होत्या. मी ताट देणार, इतक्यात सून बोलली.

"आत्या, थांबा." तिने पदर आवरला नव्हता. तो तसाच माझ्याकडे पसरलेला होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि काल पडवीत वाल चिरडत मी न सांगितलेलं तिला आज कळलं होतं, हे मला तिच्या नजरेत स्वच्छ दिसलं. "काकी, तुमचंबी गेलं व्हतं ना?"

मी मान हलवली. दोन बोटं दाखवली.

"मंग मागल्या वेळचं ह्यांच्याइतकं कोनाला ठावं?" ती आत्याला म्हणाली. "मला ह्यांच्याच हातची पायजे. मी पदर आवरनार न्हाय."

सगळ्या मालकीणबाईंकडे बघत राहिल्या. त्या बाईंनी एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा सुनेच्या पदराकडे. मग माझ्या ताटातला नारळ उचलून शेंडी वर करून पुन्हा नीट ठेवला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "भरा. पोरीचे हात अवघडले. पन वड्या आता मी पोरांना वाटनार."

मी ओटी भरली. पाच ओंजळी तांदूळ, मग खण, मग नारळ. माझं स्वतःचं डोहाळेजेवण कधी झालं नाही, आणि दुसऱ्यांच्या डोहाळेजेवणात मी नेहमी पंगत वाढायला स्वयंपाकघरात असे, कारण तिथे ओटी भरायला कोणी बोलावत नाही. बासष्टाव्या वर्षी पहिली ओटी मी भरली, सगळ्यांसमोर, खरं सांगून. मला आनंद झाला, आणि अभिमान वाटला. दुसरा शब्द नाही. माझ्यानंतर नणंदबाई आल्या. त्यांनी आपली ओटी भरली आणि जाताजाता माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच.

जेवणापूर्वी मी खोलीत गेले तर हे खालच्या पलंगावर बसले होते. अंगणात सगळं ऐकू गेलं होतं.

"चिडलात?" मी विचारलं.

"नाही." पलंगावरची चादर सारखी करत म्हणाले, "तुला प्रश्न विचारतात म्हणून मी सांगायचो, हे खरं. पण पुढेपुढे मला सांगायला आवडायचं गं. तो पास झाला की मला बरं वाटायचं."

हे मला माहीत नव्हतं. सदतीस वर्षांत नव्हतं. मी शेजारी बसले, आणि त्या लहान पलंगावर आम्ही डोकं वरच्या फळीला लागू नये म्हणून वाकून बसलो होतो. मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चल, बिरडं गार होईल."

पंगतीत आमच्या समोर ठाण्याचं एक कुटुंब बसलं, नुकतंच रिकाम्या झालेल्या एका खोलीत येऊन उतरलेलं. सकाळचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आजोबांनी पहिला भात कालवला आणि मोकळेपणाने विचारलं, "कुठले तुम्ही? मुलं किती?"

मी उत्तर द्यायला मान वर केली. पण हे आधी बोलले, ताठ बसून, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं.

"मूल नाही. आम्ही दोघंच. समुद्र बघायला आलोय."