चौकीवर अडलेला माझा ठिपका

वामनरावांनी आज आपल्या सायकल गटात लिहिले आहे की, मी वाघाला घाबरून सायकल सोडली आणि जीपमध्ये बसलो. ही नोंद दुरुस्त करणे आवश्यक आहे.

सावली गावाला येताना जंगलातील चौकीपाशी वनरक्षक बाईंनी मला थांबवले. "भाऊ, समोर रस्त्यावर वाघीण हाय. इथीच बसा."

थोड्या वेळाने एक जीप आली. चालक ओळखीचा होता. "गुरुजी, चाला न. काऊन बसून राह्यले?"

मी नकार दिला. कोणीही खासगी मोटारीत बसल्यास मोबाईलमधील ॲप संपूर्ण गटाचे महिन्याचे गुण शून्य करते. हा नियम मीच आग्रहाने मंजूर करून घेतला होता. शिवाय नकाशावरील माझा ठिपका तुम्ही सर्व जण पाहत होता. मला उठता येईना.

बाई सारख्या दारात जाऊन मागच्या जंगलाकडे पाहत होत्या. अखेर संकोचून म्हणाल्या, "भाऊ, तिकडं बाया मोहफुलं वेचून राह्यल्या. त्याईले सांगाले जायचं हाय. पण तुमाले एकटं सोडून मले जाता येत नाई."

पुढची जीप येताच मी बसलो.

बायका सुखरूप परतल्या. त्याचे श्रेय माझे नाही. हा नियम ठेवावा काय, ते तुम्ही सांगा.

वामनरावांच्या नोंदीतील वेळा अशा सुधाराव्यात:

चौकीवर पोहोचलो: सव्वासात, आठ नव्हे.
पहिली जीप नाकारली: साडेसात.
दुसऱ्या जीपमध्ये बसलो: साडेआठ.
मधला एक तास त्या बायकांचा होता. तो मी अडवून ठेवला.